काशिनाथचे वरचे दात

१९५८ सालच्या उन्हाळ्यात, लग्नसराईच्या शेवटच्या रविवारी, पनवेलमध्ये रिबेकाबाई पेझारकर यांच्या राहत्या घरी एका फ्रेंच संगीतकाराची तीन भागांची रचना सॅक्सोफोन आणि पियानोवर वाजवण्यात आली. सॅक्सोफोनवर आमच्या बँडमधले काशिनाथ घरत होते, पियानोवर स्वतः बाई. या रचनेत साइड ड्रम नाही. त्या संध्याकाळी तो दोनदा वाजला.

बातमी एवढीच. संगीतकाराचं नाव देत नाही, कारण ते काशिनाथने, बाईंनी आणि मी तीन वेगळ्या प्रकारे उच्चारलं आणि त्यातलं बरोबर कोणतं याची खात्री आजतागायत झालेली नाही. खात्री नसेल ते छापायचं नाही, हे मी मुंबईच्या एका दैनिकाच्या वृत्तविभागात शिकलो. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ती नोकरी सोडून पनवेलला आलो आणि त्यांचा बँड चालवायला घेतला. वृत्तविभागात लोक खोटं लिहून पाठवतात, निदान लिहून तरी पाठवतात. बँडच्या धंद्यात सगळं तोंडी असतं.

बँडचा मालक म्हणजे वाजवणाऱ्यांतलाच कोणी, असा समज आहे. मला एकही वाद्य येत नाही. मालकाचं काम म्हणजे सुपाऱ्या घेणं, लॉरी ठरवणं, कोटांची बटणं मोजून घेणं, क्लॅरिनेटवाल्याला पान खाऊ न देणं आणि वरपक्ष व वधूपक्ष यांच्यामध्ये उभं राहणं. यातलं शेवटचं काम सर्वांत मोठं. सुकापूरच्या एका गृहस्थांनी मुलाच्या लग्नाला बँड बोलावला आणि वरात निघताना मला बाजूला घेऊन सांगितलं, "वाजवू नका."

मी विचारलं, "मग आम्ही कशाला आलो?"

"सासरे आजारी हायत माझं. आवाज झाला त खपायचे नाय. पन बँड व्हता ह्ये लोकांना दिसला पायजे."

त्या गावातून आमची मंडळी गाल फुगवून, बोटं हलवत, आवाज न काढता चालली. लोकांनी दुतर्फा उभं राहून हे पाहिलं. शेवटी सासरेच काठी टेकत दारात आले आणि म्हणाले, "बिघाडलाय का काय बँड?"

दुसरे एक मिठागरवाले. त्यांना सॅक्सोफोन हवा होता, पण तो पुढे, एकटा, घोड्याच्या शेजारी. कारण विचारलं तर म्हणाले, "सोन्यावानी दिसतो त्यो." तो सूर्याच्या बाजूला चमकेल अशा बेताने काशिनाथला रस्ताभर तिरकं चालावं लागलं.

या धंद्याचा एक नियम आहे आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे, म्हणून तो सांगतो. मिरवणुकीत सूर थांबला तरी ताल थांबू द्यायचा नाही. सॅक्सोफोनची रीड फुटते, क्लॅरिनेटवाल्याचा दम संपतो, कोणाला ठसका लागतो. अशा वेळी साइड ड्रमवाल्याने कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता त्या क्षणी ड्रम भरायचा, म्हणजे मोकळी जागा ड्रमने भरून काढायची. शांतता झाली की नाचणारे थांबतात, म्हातारे कडेला बसतात, घोडा बिथरतो, आणि एकदा मोडलेली वरात पुन्हा उभी करायला मुहूर्त टळेपर्यंत वेळ जातो. वडिलांनी हा नियम अब्दुलभाईंना शिकवला आणि अब्दुलभाईंनी तो बाकीच्यांना. अब्दुलभाई आमचे साइड ड्रमवाले, वडिलांच्या वेळेपासूनचे. मला ते शेवटपर्यंत "पेपरवाले" म्हणत. समोर काही चुकलं की ते माझ्याकडे पाहून म्हणत, "पेपरवाले, हे छापू नका."

काशिनाथ घरत नेऱ्याकडचा. घरची भातशेती. दुसऱ्या महायुद्धात तो पलटणीच्या बँडमध्ये भरती झाला आणि तिथे सॅक्सोफोन शिकला. नोटेशन वाचायलाही तिथेच शिकला. आमच्या बँडमध्ये कागद वाचू शकणारा तो एकटा. पलटण बैरुतला असताना एका फ्रेंच बँडवाल्याने त्याला या रचनेची छापील पानं दिली. दोन गठ्ठे होते, सॅक्सोफोनचा आणि पियानोचा, दोन्हींत तेच तीन भाग. पियानोची पानं वाजवणारं कोणीच नसल्यामुळे ती त्याच्या ट्रंकेत तशीच पडून राहिली. सॅक्सोफोनची पानं मात्र तो रोज सकाळी, बांधावर उभा राहून वाजवायचा.

रचनेचा तिसरा भाग नाचता येण्यासारखा आहे. हे आम्हाला पळस्पे फाट्यावर कळलं. तिथे एकदा दोन वराती समोरासमोर आल्या. एक गोव्याच्या रस्त्याने, एक पुण्याच्या. दोन्हीकडे बँड. दोन्ही बँडांनी एकाच वेळी, एकच त्या वर्षीचं गाणं, वेगवेगळ्या लयीत सुरू केलं. मध्ये लॉऱ्या अडकल्या. कोण आधी जाणार यावरून दोन मामांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या, म्हणजे प्रकरण पुढे गेलं होतं. तेवढ्यात काशिनाथने सगळ्यांच्या वरून तो तिसरा भाग सुरू केला. अब्दुलभाईंनी दोन ओळी ऐकल्या आणि त्याला ठेका लावला. समोरच्या बँडला ते येत नव्हतं, त्यामुळे ते थांबले. त्यांच्या बाजूचे लोक आमच्या बाजूला येऊन नाचू लागले. एका मामांनी मला दंडाला धरून विचारलं, "ह्या कंचा गाना?"

मी सांगितलं, "फ्रेंच आहे."

"मंग माझ्या पोरीच्या हळदीला फ्रेंचच वाजवायचा. दुसरा काय नाय."

त्यानंतर दोन सराया लोक सुपारी देताना "फ्रेंच हाय ना?" असं विचारत. जिथे विचारत नव्हते तिथे काशिनाथ न विचारता ते वाजवायचा. एका सोनाराच्या घरी मंगलाष्टकं चालू असताना त्याने पहिल्या भागाची तयारी सुरू केली. मी त्याला बाहेर नेऊन काय बोललो ते इथे देत नाही.

१९५७च्या पावसाळ्यानंतर काशिनाथच्या हिरड्या सुजू लागल्या. पनवेलला तेव्हा दातांचे डॉक्टर फक्त सोमवारी येत. त्यांनी तपासून सांगितलं की पायरिया आहे, वरचे पुढचे चार दात हलत आहेत, ते काढावे लागतील. जितके दिवस ठेवाल तितके जबड्याला वाईट. माहिती नसलेल्यांसाठी सांगतो, सॅक्सोफोनच्या तोंडावर वरचे पुढचे दात टेकवावे लागतात. सगळा आधार तिथे असतो. ते दात गेल्यावर माणूस सॅक्सोफोन वाजवू शकत नाही असं नाही, पण काशिनाथला दुसरी रीत येत नव्हती आणि ती शिकवणारा पनवेलमध्ये कोणी नव्हता.

मी म्हटलं, "काढून टाक. सराई मी निभावून नेईन."

तो म्हणाला, "मालक, मना येक डाव ह्या आख्खा वाजवायचाय. पेटीबरोबर."

"कुठली पेटी?"

"मोठी पेटी. पियानो. आमी निम्माच वाजवताव. पोष्टात कोन फोनवर बोलतो, आन आपल्याला त्याचाच ऐकू येतो, पलीकडचा काय बोलतो ते नाय. तसा हाय ह्या. मना पलीकडचा ऐकायचाय. मंग काढा दात."

ही मागणी साधी वाटते. तिच्यामुळे माझे पुढचे सहा-सात महिने गेले.

पनवेलमध्ये तेव्हा पियानो एकच होता असं मी म्हणत नाही, पण मला सापडला तो एकच. रिबेकाबाई पेझारकर मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, मुंबईच्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या वडिलांनी एका साहेबाच्या लिलावातून पियानो आणला होता आणि तो दारातून आत जाईना म्हणून दाराची चौकट काढली होती. मी काशिनाथला घेऊन गेलो. बाईंनी पियानोची पानं उलटून पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"हे कोण वाजवणार आहे?"

"तुम्ही," मी म्हटलं.

"मी शाळेत प्रार्थना वाजवते, अहो. हे बघा, इथे डावा हात एकीकडे जातोय आणि उजवा दुसरीकडे. हे माणसाने लिहिलंय की रागावून लिहिलंय?"

काशिनाथ दारातच उभा होता. तो म्हणाला, "बाई, मना खाली काय लिवलाय तेवढा दाखवा वाजवून. येक पान."

बाईंनी एक पान वाजवलं, अडखळत. काशिनाथ चप्पल बाहेर काढून आत आला आणि पियानोच्या शेजारी जमिनीवर बसला. पान संपल्यावर त्याने विचारलं, "आमी थांबतो तवा ती ह्या बोलते व्हय?" बाईंनी पुढचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी तो सॅक्सोफोन घेऊन गेला, आणि दोघांनी पहिला सूर एकत्र वाजवल्यावर बाईंनी कानांवर हात ठेवले. आमची वाद्यं जुन्या पलटणीच्या बँडांतून आलेली. त्या काळी पलटणीचे बँड नेहमीपेक्षा चढ्या सुराला लावलेले असत. साधारण अर्धी पट्टी वर. आम्हाला त्याने कधी अडलं नाही, कारण आमची सगळीच वाद्यं तितकी वर होती. उलट बाईंचा पियानो खाडीच्या दमट हवेत इतकी वर्षं राहून अर्धी पट्टी खाली उतरला होता. अर्धी वर आणि अर्धी खाली मिळून बरोबर एक पट्टी होते. दोघे एकच कागद वाजवत होते आणि एकमेकांच्या शेजारच्या सुरावर होते.

मुंबईहून पियानो लावणारा आणला. त्याने झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, वर ओढला तर तारा तुटतील, आणि तुटल्या तर माझ्याकडे या मापाच्या नाहीत. चहा घेऊन तो गेला.

यानंतर सल्ले सुरू झाले. पनवेलमध्ये पेटी वाजवणारे घरोघर होते आणि ज्याला त्याला एकच उपाय दिसत होता. आमच्या शेजारचे भजनी बुवा स्वतः बाईंच्या घरी गेले. "बाई, पांढरी एक सोडा. काळी एक धरा. झालं की!"

बाई म्हणाल्या, "बुवा, ही पेटी नाही."

"पेटीच ती. मोठी. गवयाने पट्टी बदलली की आम्ही नाही का सरकत?"

"तुम्ही ऐकून वाजवता. मी कागद बघून वाजवते. या पानावर दहा बोटांचं दहा ठिकाणी लिहिलंय. ते प्रत्येक बोट एकेक घर सरकवून वाजवू म्हणता? आणि उद्या शाळेत प्रार्थना कुठून वाजवू?"

बुवा माझ्याकडे येऊन म्हणाले, "शिकलेल्या आहेत, पण सरकता येत नाही." हे वाक्य पुढे मला पाच-सहा जणांनी ऐकवलं. किराणावाल्याने ऐकवलं. कोटांच्या शिंप्याने ऐकवलं.

शेवटी काशिनाथ सरकला. प्रत्येक सूर त्याने एक घर खाली वाजवायचा ठरवला. सांगायला सोपं आहे. सॅक्सोफोनवर त्यामुळे सोप्या बोटांचे सगळे सूर अवघड बोटांवर गेले, आणि तो जे इतकी वर्षं बांधावर वाजवत होता ते हातातून पुसून नव्याने बसवावं लागलं. वरातीत मात्र लोकांना जुनंच 'फ्रेंच' हवं होतं. सकाळी एका प्रकारच्या बोटांनी, संध्याकाळी दुसऱ्या. दोन-तीन लग्नांत त्याच्या हातून बाईंकडची नवी बोटं वाजली आणि सगळा बँड एका पट्टीने फाटला. अब्दुलभाईंनी त्यावर ड्रम भरला आणि मला सांगितलं, "छापू नका."

तालमी बाईंच्या घरी होत. वार जुळवणं हा वेगळाच त्रास होता. शनिवार बाईंचा शब्बाथ. त्या दिवशी पियानो बंद. बाकीचे वार मुहूर्तांचे. शाळेची परीक्षा मार्चमध्ये. त्यात काशिनाथला ताप यायचा, गाल सुजायचा, डॉक्टर सोमवारी त्याला बघून माझ्यावर ओरडायचे, आणि काशिनाथ सांगायचा, "पुढल्या सोमवारी."

तालमींत मी एक गोष्ट अनेकदा पाहिली. कागदावर जिथे सॅक्सोफोनला थांबायला सांगितलं आहे, तिथे काशिनाथ थांबत नसे. काहीतरी भरायचा. दोन सूर, एक मुरकी, वरातीतलं काहीतरी. बाई पट्टीने पियानोच्या लाकडावर ठोकायच्या, ज्या पट्टीने मुलींची वही आखायच्या त्याच पट्टीने.

"घरत! इथे थांबायचं."

"थांबलो त लोक पुढं जातात, बाई."

"इथे कोणी कुठे जाणार नाही. इथे सगळे बसलेले असणार."

"बसलेले त उठतील."

"उठू देत. तुम्ही थांबा. थांबणंसुद्धा लिहिलेलं आहे. हे बघा, ही खूण. लिहिलेलं आहे ते वाजवायचं, तसंच लिहिलंय तिथे थांबायचं."

दुसऱ्या भागात असा एक लांब थांबा आहे. तो भाग संथ आहे, आणि मध्ये सॅक्सोफोन बराच वेळ गप्प राहतो, पियानो एकटाच बोलतो. काशिनाथला तो थांबा सर्वांत जड गेला. एप्रिलच्या सुमाराला एकदा तो पूर्ण थांबला, सॅक्सोफोन मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि बरोबर जागेवर परत आला. पट्टी बाईंनी खिडकीत ठेवली.

सराईचा शेवटचा रविवार ठरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार, दातांचे डॉक्टर. या वेळी पुढचा सोमवार नाही, असं काशिनाथने स्वतः डॉक्टरांना सांगितलं. तोवर एक दात बोटाने मागेपुढे होत होता. तो मला ते करून दाखवायचा. मी बघायचं टाळायचो.

त्या रविवारी सकाळी नेऱ्याला लग्न होतं. ते वेळेवर लागलं नाही, कारण नवऱ्याच्या आत्याचं आणि चुलतीचं आहेरावरून वाजलं. आम्ही लॉरीतून थेट बाईंच्या दाराशी उतरलो ते दिवेलागणीला, सगळे लाल कोटात, वाद्यांसह. बाईंनी शाळेतल्या चार शिक्षिका, शेजारी आणि समाजातली काही मंडळी बोलावली होती. काशिनाथची बायको आणि नेऱ्याची दहा-बारा माणसं आमच्याच लॉरीतून आली होती. भजनी बुवा न बोलावता आले. खुर्च्या पुरल्या नाहीत. बँडवाले ओटीवर, उघड्या दाराला लागून बसले. अब्दुलभाई सर्वांत पुढे. ड्रम कुठे ठेवायचा म्हणून त्यांनी तो मांडीवरच घेतला.

पहिला भाग चांगला झाला. तो वेगाचा आहे. एका ठिकाणी काशिनाथची जुनी बोटं पडली, बाईंनी भुवई वर केली, तो लगेच सावरला. टाळ्या झाल्या. बुवा बाजूच्याला म्हणाले, "सरकला बघा."

दुसरा भाग सुरू झाला. संथ. नेऱ्याची मंडळी कुजबुजायची थांबली. तो लांब थांबा आला. काशिनाथने सॅक्सोफोन तोंडातून काढला, मांडीवर ठेवला आणि डावा हात ओठांवर धरला. त्याला तिथे दुखत होतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. दारातून अब्दुलभाईंना एवढंच दिसलं की सूर थांबला आहे आणि माणूस तोंड धरून बसला आहे. त्यांनी कोणाच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. त्या क्षणी ड्रम भरला.

बंद खोलीत साइड ड्रम किती मोठा वाजतो हे मला तोवर माहीत नव्हतं. एक शिक्षिका उभी राहिली. बाईंचे हात पियानोवरून उचलले गेले.

"कोण आहे तो?"

अब्दुलभाई वाजवतच होते, कारण नियम तसा आहे, सूर परत येईपर्यंत सोडायचं नाही.

"अब्दुलभाई!" काशिनाथ ओरडला. "बंद करा! थांबलेला लिवलेला हाय!"

ड्रम थांबला. "काय लिहिलेलं आहे?"

"खामोशी. कागदावर लिवलेली हाय."

अब्दुलभाई माझ्याकडे पाहू लागले. "पेपरवाले, खामोशी कोणी लिहितं का?"

मी सांगितलं, लिहितात. त्यांचा विश्वास बसला नाही, पण त्यांनी टिपऱ्या कोटाच्या खिशात ठेवल्या. बाई म्हणाल्या, "आता यापुढे काहीही झालं, कितीही शांतता झाली, तरी कोणीही काहीही वाजवायचं नाही. कळलं?" त्यांनी हे वर्गात बोलावं तसं सांगितलं. बँडवाल्यांनी माना हलवल्या. बुवांनीही हलवली.

दुसरा भाग पुन्हा पहिल्यापासून घ्यावा लागला. मध्येच कुठून सुरू करता येत नाही, असं बाईंचं म्हणणं होतं, आणि काशिनाथचंही. मी काशिनाथकडे पाहत होतो. त्या तोंडात एका संध्याकाळचं जेवढं बळ होतं त्यातला एक हिस्सा इथे दुसऱ्यांदा खर्च झाला. थांबा आला. काशिनाथ थांबला. ओटीवर कोणी खोकलंही नाही. तो जागेवर परत आला, भाग पूर्ण झाला. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत, कारण टाळ्या लिहिलेल्या आहेत की नाहीत याची लोकांना खात्री नव्हती.

तिसरा भाग सुरू होताच नेऱ्याच्या मंडळींनी तो ओळखला. "फ्रेंच, फ्रेंच," असं कोणीतरी म्हणालं आणि काशिनाथच्या बायकोने त्याला कोपराने ढोसलं. अब्दुलभाईंची मान ठेक्यावर हलत होती. हात त्यांनी काखांत दाबून धरले होते. काशिनाथ एक घर खाली, अवघड बोटांनी, पळस्पे फाट्यावर वाजवलं होतं त्यापेक्षा जोरात वाजवत होता. भाग अर्ध्याच्या पुढे गेला. मग सूर तुटला.

तो कसा तुटला ते सांगतो. आधी एक चिरका आवाज, मग नुसती हवा, मग काही नाही. काशिनाथने सॅक्सोफोन खाली घेतला. तोंड मिटलेलं. बाई कागद बघून वाजवत होत्या, त्या पुढे जात राहिल्या. पियानो एकटा चालला होता आणि या ठिकाणी पियानोकडे नुसतं खालचं आहे, वरचं सगळं सॅक्सोफोनकडे.

कोणी हललं नाही. सगळ्यांना वाटलं, लिहिलेलं आहे. शिक्षिका कौतुकाने बघत होत्या. बुवा डोळे मिटून होते. अब्दुलभाई काशिनाथकडे बघत होते, हात काखांत. तिथे थांबा लिहिलेला नाही हे मला कळलं होतं, कारण मी तालमी पाहिल्या होत्या. पण मला एकही वाद्य येत नाही.

काशिनाथने तळहातावर काहीतरी घेतलं आणि मूठ मिटली. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. त्याने दाराकडे मान वळवली.

"अब्दुलभाई," तो म्हणाला. शब्द नीट फुटत नव्हता. "आता मारा."

अब्दुलभाई हलले नाहीत. "हे पण लिहिलेलं आहे काय, मियाँ?"

"ह्या नाय लिवलेला. मारा!"

अब्दुलभाईंनी बाईंकडे पाहिलं. बाई वाजवत होत्या, कागदावरून नजर न काढता. त्यांनी मान हलवली. ती त्यांनी होकाराची हलवली की पान उलटण्यासाठी, हे मी नंतर त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला काय छापायचं ते छापा." अब्दुलभाईंनी खिशातून टिपऱ्या काढल्या आणि पळस्पे फाट्याचा ठेका धरला, पण हळू, खोलीच्या बेताने.

तिसरा भाग पियानो आणि साइड ड्रमवर संपला. काशिनाथ मिटलेल्या मुठीने गुडघ्यावर आपला भाग मोजत होता. शेवटचा सूर सॅक्सोफोनचा आहे. तो वाजला नाही.

मग बराच गोंधळ झाला. काशिनाथच्या बायकोने मला धरलं. "तुमी सांगायचाव ना, शेट! कनाला वाजवू दिलाव?" मी काय सांगितलं होतं आणि किती वेळा, हे सांगण्यात अर्थ नव्हता. बाईंनी मिठाचं पाणी आणून दिलं. अब्दुलभाई ड्रमचे पट्टे सैल करत म्हणाले, "छापू नका, पेपरवाले." भजनी बुवा मला म्हणाले की शेवटी ठेका आल्यावरच कार्यक्रमाला रंग चढला, आणि हे आधी का केलं नाही?

त्यानंतर आमच्या बँडला सॅक्सोफोन राहिला नाही. काशिनाथ दोन वर्षं झांजा वाजवायला येत होता, नंतर शेतीच बघू लागला. सुपारी देणारे पुढेही "फ्रेंच हाय ना?" असं विचारत. नाही म्हटलं की दुसऱ्या बँडकडे जात. पेझारकरबाई १९६०नंतर इस्राएलला गेल्या. पियानो बाहेर काढताना पुन्हा चौकट काढावी लागली. कवळी बसवल्यावर काशिनाथने ती सगळी रचना, तिन्ही भाग, नेऱ्याला आपल्या खळ्यावर एकट्याने वाजवली, थांबायचं तिथे थांबून, असं तिकडचे लोक सांगतात. मी ऐकलेलं नाही. विचारलं तेव्हा काशिनाथने हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही. म्हणून ते मी धरत नाही.

खात्रीचं शेवटचं असं आहे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, काशिनाथ घरत दातांच्या डॉक्टरांकडे गेला. मी बरोबर होतो. डॉक्टरांनी वरचे पुढचे चार दात काढायचं ठरवलं होतं. त्यांनी तीन काढले. चौथा काशिनाथने रुमालात बांधून आणला होता.